पुन्हा गळणारा डोळा

डोळ्यातून नाकात उतरणारा अश्रुमार्ग तुंबला की डोळा सारखा गळतो, कोपऱ्यात चिपडे साचतात आणि नाकाच्या मुळाशी बोटाने दाबले तर पू वर येतो. त्यावरचे रूढ ऑपरेशन म्हणजे डॅक्रिओसिस्टोऱ्हायनोस्टॉमी, दवाखान्याच्या बोलीत डीसीआर. पहिल्या खेपेला ते साधारण दहापैकी नऊ जणांत यशस्वी होते. उरलेल्यांचा डोळा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत पाणावू लागतो आणि दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करावा लागतो. हे दुसरे ऑपरेशन म्हणजे पहिल्याचीच पुनरावृत्ती नव्हे. पहिले का फसले, हे कळल्याशिवाय त्याला हात घालू नये.

पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ, वर एक आणि खाली एक, अशी दोन बारीक छिद्रे असतात. त्यांतून अश्रू सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या सूक्ष्म नळ्यांत शिरतात, तिथून नाकाच्या बाजूच्या हाडाच्या खोबणीतल्या अश्रुपिशवीत येतात आणि पिशवीखालच्या नलिकेतून नाकात उतरतात. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर हे पाणी पुढे ढकलले जाते. मोठ्या माणसांत अडथळा बहुधा या शेवटच्या नलिकेत असतो आणि चाळिशीपुढच्या स्त्रियांत तो जास्त आढळतो. बंद नलिका मोकळी करण्याच्या फंदात डीसीआर पडत नाही. पिशवी आणि नाक यांच्यामधले हाड काढून अश्रूंना आडवी वाट करून दिली जाते.

इटलीच्या आद्देओ तोती यांनी १९०४ मध्ये बाहेरून छेद घेऊन हे ऑपरेशन मांडले. १९२१ मध्ये द्युप्युई-द्युताँ आणि बूर्गे या फ्रेंच शल्यवैद्यांनी पिशवीचे आणि नाकाचे अस्तर एकमेकांना शिवण्याची रीत दिली. नाकातून जाण्याची कल्पना कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच मांडली होती, पण आत नीट दिसत नसल्याने ती मागे पडली. १९८९ मध्ये मॅकडॉना आणि मीरिंग यांनी दुर्बिणीतून डीसीआर केले, तेव्हा तिला नवे आयुष्य मिळाले. ऑपरेशन फसलेल्या रुग्णांच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत मोलाचा, कारण अपयशाचे कारण पुष्कळदा नाकातच असते आणि दुर्बिणीशिवाय ते दिसत नाही.

जखम भरून येणे हा शरीराचा गुण इथे आडवा येतो. बाहेरून केलेल्या डीसीआरनंतर नाकातले तोंड किती आकसते, हे १९८२ मध्ये अमेरिकेत मोजले गेले. ऑपरेशनच्या वेळी सरासरी १२ मिलिमीटरच्या आसपास असलेले भोक भरून आल्यावर २ मिलिमीटरपेक्षाही कमी राहिले होते. गंमत अशी, की तेवढ्या भोकातूनही अश्रू सुखाने जातात. ते पूर्ण बुजले, त्यावर व्रणाचा पडदा आला, की मात्र काम संपले. हा पडदा हे अपयशाचे नेहमीचे कारण. कधी हाड पुरेसे काढलेले नसते. कधी भोक फार वर पडते आणि पिशवीचा खालचा भाग तसाच राहतो. टाकीला तळाशी तोटी न लावता मध्यावर लावली तर खालचे पाणी जसे साचून राहते, तसा तिथे पू साचतो. नाकाचा पडदा वाकडा असला किंवा मधल्या शंखास्थीचे अस्तर शेजारच्या भिंतीला चिकटले, तर केलेली वाट बाहेरून दाबली जाते. दोन अश्रुनळ्या एकत्र येतात त्या जागी व्रण धरला, तर खालचे भोक कितीही मोठे असो, पाणी तिथवर पोचतच नाही.

काही वेळा मूळ निदानच हुकलेले असते. पापणी सैल पडल्याने पाणी ढकलले जात नसेल, तर नाकात नवी वाट करून फरक पडत नाही. पिशवीतली गाठ, सार्कॉइडोसिससारखा दाहाचा आजार, किंवा दक्षिण भारत आणि छत्तीसगडकडे तळ्यात अंघोळ करणाऱ्यांत दिसणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस यांचा संशय घ्यायला हवा. म्हणून दुसऱ्या खेपेला पिशवीचा तुकडा तपासायला पाठवणे शहाणपणाचे.

पनवेलसारख्या गावात हा प्रश्न अनेकदा मोतीबिंदूच्या निमित्ताने पुढे येतो. लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट, नवीन पनवेलचे शंकरा रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे हा परिसर डोळ्यांच्या उपचारांसाठी ओळखीचा आहे. आपल्याकडे मोतीबिंदू काढण्यापूर्वी अश्रुमार्गात पाणी सोडून पाहतात. त्याला सिरिंजिंग म्हणतात. पिशवीत पू असताना डोळा उघडला तर जंतू आत शिरून दृष्टी जाऊ शकते, म्हणून ही दक्षता. अश्रुपिशवीच्या या दुखण्याला बोलीत नासूर म्हणतात. अशा वेळी वयस्क रुग्ण सांगतो, ‘नासूरचं ऑपरेशन मागेच झालंय.’ पण ते डीसीआर होते की डीसीटी, हे त्याला ठाऊक नसते. डीसीटीमध्ये अश्रुपिशवीच काढून टाकतात. त्याने पू थांबतो, मोतीबिंदूचा मार्ग मोकळा होतो, पण डोळ्याचे पाणी राहते ते राहतेच. पिशवीच नसलेल्या ठिकाणी पुढे डीसीआर करणे फार अवघड. म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड, कितीही चुरगळलेले असले तरी, सोबत न्यावे.

फेरतपासणीत सिरिंजिंग करताना सुई कुठे अडते ते पाहतात. ती हाडावर टेकल्यासारखी कडक थांबली तर वरच्या नळ्या मोकळ्या आहेत, रबरात रुतल्यासारखी मऊ थांबली तर अडथळा वरच आहे. डोळ्यात फ्लोरेसिनचा पिवळा थेंब टाकून पाच मिनिटांत तो उतरतो का, आणि दुर्बिणीतून नाकात दिसतो का, हेही पाहिले जाते. अपघातात चेहऱ्याचे हाड मोडले असेल किंवा पूर्वी सायनसचे ऑपरेशन झाले असेल, तर सीटी स्कॅन लागतो. पिशवीला गळू आले असेल तर आधी अँटिबायोटिक, ऑपरेशन नंतर.

फेरऑपरेशन बाहेरूनही करता येते, पण जुन्या व्रणातून पुन्हा वाट काढावी लागते आणि तिथे रक्तस्राव जास्त. नाकातून गेले तर चेहऱ्यावर नवा छेद येत नाही, वाकडा पडदा आणि चिकटलेले अस्तर त्याच बैठकीत निस्तरता येते. नेत्रशल्यवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ एकत्र उभे राहिले तर उत्तम. व्रण कापून काढतात, उरलेले हाड ड्रिलने किंवा पंचने काढून पिशवी वरपासून तळापर्यंत उघडतात. व्रण परत धरू नये म्हणून काही शल्यवैद्य मायटोमायसिन-सी या औषधात भिजवलेला कापूस काही मिनिटे भोकावर ठेवतात. नळ्यांत व्रण असेल तर सिलिकॉनची बारीक नळी घालून ती काही आठवडे ते काही महिने ठेवतात. या शाखेचा स्वतंत्र अभ्यास हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमधील गोविंदराम सेकसरिया इन्स्टिट्यूट ऑफ डॅक्रिऑलॉजीत चालतो.

यशाचे प्रमाण पहिल्या ऑपरेशनपेक्षा थोडे कमी धरावे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधीच सांगावे, मनाने बंद करू नये. नंतर मिठाच्या पाण्याने नाक धुणे, काही दिवस नाक जोरात न शिंकरणे, आणि दुर्बिणीने खपल्या काढून घेण्यासाठी ठरल्या दिवशी जाणे, यावर निम्मी बाजी अवलंबून असते. डोळ्याच्या कोपऱ्यातून नळीचा फास बाहेर लोंबला तर तो ओढू किंवा कापू नये. चिकटपट्टीने नाकाला चिकटवून दवाखाना गाठावा.

वरच्या नळ्याच पार बुजलेल्या असतील तर डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात काचेची जोन्स नळी बसवतात. ती आयुष्यभर सांभाळावी लागते. शिंकताना डोळा मिटून कोपऱ्यावर बोट धरावे लागते, नाहीतर नळी निसटते. ती नको असणाऱ्या, विशेषतः वयस्क रुग्णांत, अश्रुग्रंथीत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देऊन पाणीच कमी करतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो, मग ते पुन्हा घ्यावे लागते.