ओतूरचा छांदिष्ट आणि सुखाचं शास्त्र

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेलं. जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांची पट्टी त्या हंगामात कोटीच्या घरात गेली आणि त्याच्या बातम्या देशभर गाजल्या. सप्टेंबर उजाडला आणि भाव असे कोसळले, की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं सुटायची मारामार झाली. ज्यांना जुलैचा भाव सापडला, त्यांचा आनंद किती दिवस पुरला असेल? प्रश्न पारावरच्या गप्पांमधला वाटतो, पण मानसशास्त्रानं तो रीतसर तपासून पाहिला आहे.

१९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं आणि त्याच भागातल्या, लॉटरी न लागलेल्या २२ जणांशी त्यांची तुलना केली. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतली गोडी त्यांना कमीच वाटत होती. नमुना लहान होता, हे खरं. पुढे स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांची पाहणी झाली, तेव्हा आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं दिसलं. दैनंदिन आनंदावरचा परिणाम मात्र बराच कमी होता. म्हणजे पैशानं घोर कमी होतो, पण रोजचा दिवस आपोआप गोड होत नाही.

तो गोड कशानं होतो, याचा शोध घेणाऱ्या शाखेला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी या शाखेचा जाहीर पुरस्कार केला. गंमत म्हणजे त्यांची कीर्ती झाली होती ती हतबलतेच्या अभ्यासामुळे. आजार कसा बरा करायचा हे आपण शिकलो, पण चांगलं जगणं कशानं घडतं हेही मोजून पाहायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. २०११ मध्ये त्यांनी सुस्थितीचे पाच घटक मांडले: सुखद भावना, तल्लीनता, नाती, जगण्याला अर्थ आणि काहीतरी साधल्याचं समाधान. पाचांपैकी पहिला सोडला, तर बाकीचे चारही करण्यातून येतात, नुसत्या वाटण्यातून नाही.

जुन्नर तालुक्यातल्याच ओतूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. अनिल अवचट यांचा जन्म १९४४ साली याच गावातला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, पण रमले लिहिण्यात. हमाल, विडी कामगार, भटके, दुष्काळी भागातली माणसं यांच्यावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. मन विषण्ण करणारेच हे विषय. त्याच माणसाच्या घरी मात्र लाकडाचे तुकडे, पटाशा, बासऱ्या आणि ओरिगामीचे कागद पसरलेले असत. चित्रं, जादूचे प्रयोग, स्वयंपाक यांतही हात चालायचा. ‘छंदांविषयी’ नावाचं पुस्तकच त्यांनी लिहिलं आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू अशा अनेकांना ‘कामात बुडून जाता तेव्हा काय होतं’ असं विचारून तल्लीनतेचा अभ्यास केला. तिच्यासाठी त्यांना मुख्यतः तीन अटी दिसल्या. काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही ते लगेच कळायला हवं आणि काम आपल्या कुवतीला किंचित ताण देणारं हवं. ओरिगामी या तिन्ही अटींत बसते. चौकोनी कागदाची पहिली घडी जराशी तिरकी गेली, तरी पुढे पक्ष्याची मान वाकडी येते. कोणी सांगायची गरज पडत नाही. कागद उलगडायचा, नखानं घडी पुन्हा दाबायची. एवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नाही. मोबाइलवर बोट सरकवण्यात वेळ जातो, पण या तीन अटींपैकी तिथे एकही नसते.

छंद हा अवचटांच्या कथेचा अर्धाच भाग. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईतल्या तरुण पोरांना गर्द या मादक पदार्थानं ग्रासलं. त्यावर अवचटांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि अवचटांच्या पत्नी, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सुनंदा यांच्या पुढाकारानं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे उपचार घेणाऱ्याला रुग्ण न म्हणता ‘रुग्णमित्र’ म्हणतात. दारू सुटली की दिवसात मोठी पोकळी उरते. ती भरायला ठरलेली दिनचर्या, गटातली बोलणी, योग, संगीत आणि हाताला काम असतं. आयुष्यभर पिणार नाही अशी भीष्मप्रतिज्ञा घ्यायची नाही, आजचा दिवस सांभाळायचा. व्यसनी माणसाच्या बायकोनंही पुष्कळ सोसलेलं असतं, म्हणून पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या, अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू आहे.

नात्यांचं महत्त्व हार्वर्ड विद्यापीठाच्या एका दीर्घ अभ्यासानं दाखवून दिलं. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत ७२४ पुरुषांचा आयुष्यभर माग काढला गेला. ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट राहील, याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीत नात्यांत असलेल्या समाधानावरून अधिक चांगला बांधता आला.

अशी नाती कामातूनही जपली जातात. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी समाजात ‘पडकई’ची रीत आहे. डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून भातखाचरं काढायची, तर एका घराचं बळ पुरत नाही. मग काही घरं एकत्र येतात. आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. घेतलेले श्रम श्रमानंच फेडायचे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं धरणग्रस्त आदिवासींमध्ये काम करताना ही रीत पुढे नेली. सुखी होण्यासाठी कोणी पडकई करत नाही, भातासाठी करतात. पण मदत मागायला संकोच वाटू नये आणि आपलीही कोणाला गरज आहे हे कळत राहावं, याची सोय त्यात आपसूक होते. यंत्रं आणि रोजंदारी आली तिथे काम लवकर उरकतं. ही सोय मात्र वेगळी करावी लागते.

घरच्या घरी काय करता येईल? सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इंटरनेटवरून काही सोपे उपाय तपासले; चारशेवर लोकांनी ते शेवटपर्यंत केले. एका उपायात आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहायचं. सहा महिन्यांनंतरही फरक दिसला, तोही मुख्यतः ज्यांनी आठवडा संपल्यावर लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात. नंतरच्या पाहण्यांत परिणाम पहिल्याइतका मोठा आढळला नाही, पण उपाय फुकटचा आहे आणि खरी गंमत ‘का’ लिहिण्यात आहे. समजा, मोटर जळाली आणि शेजाऱ्यानं त्याच्या विहिरीचं पाणी दिलं. का दिलं? गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुलाला रात्री दवाखान्यात आपण नेलं होतं. कारण लिहायला बसलं, की माणसं आठवू लागतात.

दुसऱ्या उपायात, ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहून समक्ष नेऊन द्यायचं होतं. आनंद एकदम वाढला, पण तीन महिन्यांत ओसरला. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानणं परकेपणाचं वाटतं. शाळेतल्या जुन्या गुरुजींना मात्र यात्रेला गावी आलं की भेटून दोन शब्द सांगता येतात, आणि ते दरवर्षी करता येतं. कुठलाही उपाय ‘जमेल तेव्हा’वर सोडला की बारगळतो. रात्री भांडी आवरली की वही, असं एखाद्या कामाला तो जोडून ठेवला तर टिकतो.

या शास्त्राला मर्यादाही आहेत. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा घरात जाऊन चांगल्या गोष्टी मोजायला सांगणं हा निर्दयपणा ठरेल. उसात बिबट्या आहे हे माहीत असून रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला सकारात्मक विचारांची नव्हे, दिवसा विजेची गरज असते. कोसळलेल्या भावाला वहीचा उपाय नाही. जिथे व्यवस्था चुकते तिथे माणसाच्या मनोवृत्तीला दोष देणं ही या विषयाच्या नावावर होणारी सर्वांत मोठी फसवणूक आहे.

उदासी हा आजार असू शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातला रस हरपला असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर छंद आणि वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. दिवाळीला घरी आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी गप्प गप्प वाटलं, तर फराळाचं ताट पुढे करताना हा क्रमांकही त्यांना जरूर द्या.