डोळ्यांना एक, कॅमेऱ्याला दुसरं: प्रकाशचित्रांविषयीचे गैरसमज

काळोख्या खोलीत कुणीतरी टॉर्च फिरवतं. आपल्याला दिसतो फक्त पळणारा ठिपका. फोटोत मात्र अख्खा घोडा उमटतो. अशी चित्रं पाहिली की आपण पटकन शंका घेतो. कलावंताच्या मेहनतीवर तो अन्याय आहे, म्हणून हे नेमकं घडतं कसं ते समजून घेऊ.

गैरसमज : हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं.
वस्तुस्थिती : कॅमेऱ्याचं शटर 10 ते 30 सेकंद उघडं ठेवलं की तेवढ्या वेळात पडलेला सगळा प्रकाश एकाच फोटोत साठतो. डोळा असा साठा करत नाही. कलावंत मॅन रे यांनी 1935 मध्येच हे करून पाहिलं होतं. 1949 मध्ये पाब्लो पिकासो यांनी छोट्या विजेच्या दिव्याने हवेत चित्रं काढली आणि छायाचित्रकार ग्योन मिली यांनी ती कॅमेऱ्यात पकडली. दिवाळीत फोटोसाठी फुलबाजीने हवेत नाव लिहिणारी मुलंही हेच तंत्र वापरतात.

गैरसमज : फ्लॅश पडताच झळाळणाऱ्या चित्रात रेडियम असतं.
वस्तुस्थिती : नंबरप्लेटवरच्या पट्ट्यांना आपण रेडियम म्हणतो, पण त्यांत रेडियम नसतं. अशा अनेक पट्ट्यांत आणि रंगांत बारीक काचमणी असतात. ते प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात. फोनचा फ्लॅश भिंगाला लागूनच असल्याने तो प्रकाश थेट कॅमेऱ्यात शिरतो. बाजूला उभ्या माणसाला तेच चित्र करडं, निस्तेज दिसतं. खरं रेडियम किरणोत्सारी असतं. घड्याळांच्या तबकड्यांवर ते लावणाऱ्या कामगारांना गंभीर आजार झाले आणि तो वापर बंद पडला.

गैरसमज : कॅमेऱ्यात दिसतं तेच खरं.
वस्तुस्थिती : आपल्याला साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश नीट दिसतो, कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या बराच पुढचा टिपू शकतो. दवाखान्यात बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये दोन दिवे असतात : एक लाल, दुसरा अवरक्त. आपल्याला फक्त लाल दिसतो. असाच अवरक्त दिवा असलेल्या टीव्हीच्या रिमोटचं टोक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट उजेड दिसेल. तो रंग मात्र कॅमेऱ्याने दिलेला असतो. अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या रंगांच्या फोटोतही असाच फरक पडतो : डोळ्यांना दिसणाऱ्या छटा फोनमध्ये अनेकदा निळसर होतात.

गैरसमज : फोटोत काळे पट्टे आले म्हणजे फोन बिघडला.
वस्तुस्थिती : आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो, म्हणून काही ओळी गडद येतात. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं की पट्टे सहसा जातात. कलावंत हवं तर हेच पट्टे चित्राचा भाग करू शकतो.

अशा चित्रांच्या प्रदर्शनात गेलात, तर आधी नुसत्या डोळ्यांनी चित्र पाहा, मग फोन काढा आणि कलावंताला दोनच गोष्टी विचारा : दिवा कोणता, शटर किती वेळ? फोटो पुढे पाठवताना ही माहितीही सोबत लिहा. ती कळली की चित्रामागचं कसब दिसतं, आणि त्याची दाद मनापासून देता येते.