वहीत नाव नसलेला पैसा



आपल्या करावे गावात बचत गटाची बैठक भरली की पहिलं काम काय? वहीत नाव आणि रक्कम लिहायची. समजा, कोणी नाव न सांगता गटात पन्नास हजार रुपये आणून ठेवले, तर? आपण लगेच विचारू, "कोणी दिले गं? आणि कशासाठी?" आज हाच प्रश्न निवडणुकीच्या पैशाला विचारू या.

२०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून १ हजारापासून १ कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे. पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नसे. बँकेकडे त्याची नोंद असे, देणारा पक्षाच्या कानात सांगू शके. अंधारात राहायची ती फक्त मत देणारी बाई!

त्याआधी कंपनीला नफ्याच्या सरासरी साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. २०१७ मध्ये ही मर्यादाही काढली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवं तेवढं देऊ शकत होती. तोट्यातला माणूस उगाच कोणाला पैसे देईल का? खाडीकाठची जमीन, रस्त्याचं कंत्राट, कायद्यातली सूट, असं काहीतरी परत मिळण्याची आशा असणारच. देणाऱ्याचं नाव माहीत असेल, तर पुढचा निर्णय कोणाच्या फायद्याचा, हे आपल्याला ताडून पाहता येतं.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. पक्षाला पैसा कोण देतो, हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. कंपन्यांची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द झाली. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती मिळाली नाही. मार्चमध्ये नावं आणि रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले, तेव्हा कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला, हे लोकांना कळलं.

पण सगळं मिटलं नाही. २० हजार रुपयांपर्यंत देणाऱ्याचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवावं, असं बंधन नाही. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री दारात येणारं पाकीट? त्यावरही नाव नसतं. ते देणं गुन्हा आहे, तसंच घेणंही. मैत्रिणींनो, घरात अडचण असते, हात पुढे होतो, हे मला कळतं. पण वाटणारा ते पैसे पुढची पाच वर्षं वसूल करतो. आपल्या गटारातून, नळातून, रस्त्यातून.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. शिकलेल्या मुलीकडून ते मोठ्याने वाचून घ्या. मालमत्ता किती, गुन्हे किती, ते ऐका. आणि प्रचाराला कोणी दारात आलं, की आपल्या वहीतला प्रश्न विचारा : "भाऊ, हा पैसा कोणी दिला, आणि कशासाठी?"