जीपखालचा पुठ्ठा

ज्या घराच्या अंगणात जुनी जीप उभी असते, त्या घरात एक वाक्य वर्षातून चार-दोनदा तरी ऐकू येतंच. "विकून टाका हो ते धूड एकदाचं!" म्हणणारे बहुधा पाहुणे असतात. पावसाळ्यात ते फिरकत नाहीत. पण मैत्रिणींनो, कोकणात, मावळात किंवा भोर-वेल्ह्याच्या बाजूला राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक आहे, की जुलैत लाल चिखलाचा चढ चढून खताची पोती घरापर्यंत आणणारं आणि अपरात्री सासूबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात पोचवणारं दुसरं वाहन दारात नसतं. नवी फोर-व्हील गाडी घ्यायची म्हटलं तर गोष्ट दहा लाखांच्या पुढे जाते. तेव्हा आहे ती जीप ठेवायची, आणि ठेवायची तर नीट ठेवायची. नीट म्हणजे नुसती धुऊनपुसून नव्हे.

गाडीचं खातं घरातल्या पुरुषांकडे, अशी आपल्याकडे रीत. पण ते नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला, आणि जीप तुमच्या अंगणात! शिवाय रोज सकाळी अंगण झाडतं कोण? जीपखाली पडलेला तेलकट डाग आधी दिसतो तो तुम्हालाच. आणि जुन्या जीपबद्दल कळायला हवं त्यातलं निम्मं त्या डागातच असतं.

महिंद्रांनी विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस. पुढे त्याच घराण्यातून एमएम ५४० सारख्या डिझेल जीपा निघाल्या. या गाड्यांचा मोठा गुण असा, की सगळं उघड्यावर आहे. कॉम्प्युटर नाही, झाकणावर झाकण नाही. पाटे, नळ्या, सांधे डोळ्यांनी दिसतात. एकदम दगा देणारी ही गाडी नव्हे. ती आधी आठवडेच्या आठवडे गळते, कुरकुरते, सांगत असते. ऐकणारं कुणी हवं.

तर आठवड्यातून एका रात्री एवढंच करा. दुकानातून आलेला मोठा खोका उलगडून त्याचा पुठ्ठा जीपखाली सरकवा, चारी चाकांच्या आतपर्यंत पोचेल असा. त्यावर पुढची बाजू कुठली ते खडूने लिहून ठेवा. सकाळी पुठ्ठा काढून उजेडात पाहा.

इंजिनाखाली काळा डाग पडला असेल तर ते इंजिन ऑइल. जुन्या इंजिनाचे दोन-चार थेंब पडायचेच, त्याने घाबरून जाऊ नका. ऑइलची पट्टी बघून पातळी राखली की झालं. मधोमध किंवा मागच्या बाजूला घट्ट, पिवळट-तपकिरी आणि उग्र वासाचं काही असेल तर ते गिअरचं ऑइल. हिरवट पाणी पुढे सांडलं असेल तर रॅडिएटर किंवा त्याचा रबरी पाइप. डिझेलचा वास काही मी सांगायला नको. आणि चाकाच्या आतल्या अंगाला, किंवा चालकाच्या पायांच्या खाली, पातळ, जवळजवळ पाण्यासारखं पण बोटाला बुळबुळीत लागणारं काही दिसलं, तर त्या दिवशी जीप जागची हलवायची नाही. ते ब्रेक ऑइल आहे.

इथे थोडं थांबून सांगते, कारण बाकी सगळ्या गळत्या पैशांच्या असतात, ही जिवाची असते. बऱ्याच जुन्या जीपांत चारही चाकांचे ब्रेक एकाच पंपावर आणि एकाच नळीच्या जाळ्यावर चालतात. एका चाकाशी गळती झाली तरी तेवढ्याच चाकाचा ब्रेक जातो असं नाही, चारही जातात. तेही घाटातच, कारण पेडल जोराने दाबण्याची वेळ तिथेच येते. म्हणून जीप सुरू करून निघण्यापूर्वी उभ्या गाडीत ब्रेकचं पेडल दाबून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. पेडल वरच अडलं आणि घट्ट राहिलं तर ठीक. पायाखाली हळूहळू खाली जात राहिलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा आतला पंप गेला आहे. स्पंजासारखं मऊ लागलं तर नळीत हवा शिरली आहे. दोन-तीनदा दाबल्यावर वर आलं तर बहुधा चाकातले शू झिजून ढिले पडले आहेत. कारण कुठलंही असो, मेकॅनिकला घरी बोलवा, जीप त्याच्याकडे चालवत नेऊ नका. आणि त्याला नुसतं "ब्रेक लागत नाही" असं न सांगता वरच्यापैकी काय होतंय ते सांगा. निम्मी हुज्जत तिथेच वाचते.

ब्रेक ऑइलचा डबा लहान आणि सीलबंद घ्या. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. आपल्या दमट हवेत वर्षभर उघडा पडलेला डबा टाकूनच द्यावा, गाडीतलंही दोन वर्षांनी बदलून घ्यावं. ओल शिरलेलं ऑइल लांबच्या उतारावर तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. कमी पडलं म्हणून त्यात इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आहेत. त्याने आतले रबर फुगतात आणि सगळे ब्रेक नव्याने करावे लागतात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. चाकाचा ड्रम उघडलेला असताना आतली धूळ तोंडाने फुंकू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या.

आता हँडब्रेक. तो हाताने घट्ट ओढला म्हणजे गाडी बांधली, अशी आपली समजूत असते. पण पुष्कळ जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मधल्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. याचे दोन परिणाम होतात. तिथलं ऑइल सील गळायला लागलं की गिअर ऑइल थेट हँडब्रेकच्या लायनरवर जातं आणि हँडब्रेक नावापुरता उरतो. पुठ्ठ्यावर मधोमध डाग वाढत गेला की हे आठवा. दुसरा परिणाम जास्त धोक्याचा आहे. अशा जीपचं मागचं एक चाक जॅकवर उचललंत की ते चाक मोकळं फिरू शकतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी पुढे-मागे सरकते! म्हणून चाक उचलण्याआधी जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू द्यायचा नाही. मग तो भाऊजींनी लावो नाहीतर धाकट्याने. आणि नुसत्या जॅकवर पेललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा नाही. खाली भक्कम स्टँड हवेत. चाक न उचलता जेवढं खालून दिसतं तेवढं पुरे.

घरी करण्यासारखं सगळ्यात फायद्याचं काम म्हणजे ग्रीस. पाट्यांच्या टोकांना, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि स्टीअरिंगच्या सांध्यांना छोटी निपलं असतात. आधी फडक्याने निपल पुसा, नाहीतर चिखलच आत ढकलाल. मग ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबा. हजार-दीड हजार किलोमीटरला एकदा, आणि ओढ्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात. एखादं निपल घेतच नसेल तर ते बुजलं आहे, बदलून घ्या. दहा-वीस रुपयांसाठी क्रॉस तुटू देऊ नये.

ओढ्यावरून आठवलं. दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गोलावर, डिफरन्शियलवर, हवा जायला एक बारीकसं तोंड असतं. ते मातीने बुजलं तर तापलेला गोल थंड पाण्यात शिरताच सीलमधून पाणी आत ओढून घेतो. पावसाळ्यात एकदा मेकॅनिककडून तिथलं ऑइल बघून घ्या. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर बदलायलाच हवं.

फोर-व्हील मात्र जपून. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती कधी टाकायची नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरायला जागा नसते, आणि सगळा पीळ गिअर-शाफ्टवर येतो. पण महिनोन् महिने न वापरणंही वाईट, दांडा गंजून अडकतो. महिन्यातून एकदा शेताच्या कच्च्या वाटेवर थोडं अंतर सरळ चालवून घ्या. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत, ही काटकसर फोर-व्हीलमध्ये महागात पडते.

बॅटरीला हात लावण्याआधी हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. गंमत नव्हे, पाना आणि बांगडी मिळून दोन्ही टोकं जोडली गेली तर हात भाजतो. इंजिन चालू असताना पदर आणि वेणी खोचलेली हवी, पंखा कुणाला ओळखत नाही. टोकांवरची हिरवट-पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने जाते. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना ती शेवटी, आणि वरून व्हॅसलिनचा हात. रॅडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. हंड्याच्या तळाशी क्षार बसतात तसेच ते तिथेही बसतात. कूलंट वापरा, आणि तापलेल्या रॅडिएटरचं झाकण उघडू नका. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पाणी पावसाळ्यात महिन्याला सोडत जा.

गणपती झाले, पाऊस ओसरला, की आतल्या मॅट उचलून पत्रा पाहा. सगळ्यांत आधी गंज तिथेच धरतो. समुद्राजवळ राहत असाल तर खालून गोड्या पाण्याने स्वच्छ धुवून उन्हात वाळवा. कुणी काळं ऑइल खालून फवारून देतो म्हणेल. फवारायचंच असेल तर चाकं आणि ब्रेक झाकल्याशिवाय त्याला पुढे येऊ देऊ नका.

कागदांचंही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० झालं. पुढे २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. पर्यावरण कर वेगळा. आरटीओत ताजा आकडा विचारूनच हिशेब मांडा. आणि मुदत संपायच्या दोन महिने आधी ब्रेकचं काम उरकून घ्या, म्हणजे मेकॅनिकच्या मागे घाईने लागावं लागत नाही.

सीटखाली एक पत्र्याचा डबा कायमचा ठेवा. फॅन बेल्ट, रॅडिएटरच्या पाइपाचा तुकडा नि दोन क्लिपा, फ्यूज, टॉर्च, ब्रेक ऑइलची लहान बाटली, दोन पाने, जुनी साडी फाडून केलेली फडकी. आणि डब्यात मावणार नाहीत असे दोन लाकडी ठोकळे, मागच्या चाकांजवळ, हाताला चटकन लागतील असे.