ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह, पण ड्रग कुठंय?

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा आहे.

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ बाइकवरून पडला. कॅज्युअल्टीत आणला तेव्हा बरळत होता. तिथे लघवीची ड्रग स्ट्रिप केली, तर ॲम्फेटामाइन पॉझिटिव्ह! मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे हा नशेत गाडी चालवत होता?" ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी डोक्याचा सीटी." सीटीत मेंदूजवळ रक्तस्राव दिसला. तो बरळत होता त्यामुळे.

मग स्ट्रिप पॉझिटिव्ह कशी? पठ्ठ्या महिनाभर ॲसिडिटीसाठी रॅनिटिडिन घेत होता.

मी पडलो कोडिंगवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. स्ट्रिपमधली अँटिबॉडी अख्खा रेणू वाचत नाही, त्याच्या आकाराचा एक भाग ओळखते. सर्चमध्ये 'राम' टाकलं की 'आराम'पण येतो ना, तसंच. रॅनिटिडिन, सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन, बीपीचं लॅबेटॅलॉल, डिप्रेशनवरचं ब्युप्रोपिऑन, यांच्यामुळे काही किट्सवर ॲम्फेटामाइन खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं.

उलटंही होतं. ओपिएटची स्ट्रिप मॉर्फिनसारखे रेणू शोधते. फेंटॅनिल आणि ट्रॅमाडॉल तिला सहसा दिसतच नाहीत. म्हणून डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील आणि श्वास मंदावला असेल, तर डॉक्टर स्ट्रिपची वाट न बघता नॅलॉक्सोन देतात. आणि खऱ्या पॉझिटिव्हचाही अर्थ 'आत्ता नशेत आहे' असा होत नाही. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा काही आठवडे सापडू शकतात.

पक्की ओळख पटवते ती मास स्पेक्ट्रोमेट्री. ती रेणूचं आणि त्याच्या तुकड्यांचं वस्तुमान तपासते, पण रिपोर्टला बरेचदा काही दिवस लागतात. भावाचा पाच दिवसांनी आला, निगेटिव्ह. ते पाच दिवस मामा त्याच्याशी धड बोलले नव्हते.

तर आजच एक काम करा. फोनच्या इमर्जन्सी माहितीत चालू औषधांची यादी टाका, सर्दी-ॲसिडिटीच्या गोळ्यांसकट. खरंच काही घेतलं असेल, तर डॉक्टरांना सरळ सांगा, स्ट्रिपच्या भरवशावर राहू नका. आणि घरातल्या कुणाची स्ट्रिप पॉझिटिव्ह आली, तर त्याच्यावर चिडण्याआधी कन्फर्मेटरी टेस्टचं विचारा.

भेटू पुढच्या भागात!