पहिल्यांदा निघायचं तर कुठे जायचं?



आज आपण कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, की खातेवहीबद्दलही नाही. आज बोलायचं आहे फिरायला जाण्याबद्दल. हसू नका. जिंतूर तालुक्यात गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा इतिवृत्त लिहून झालं, चहा झाला की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं खरं, पण जायचं कुठे?" प्रश्न साधा वाटतो, पण माहेर, दवाखाना, लग्नकार्य आणि ऊसतोड सोडून जी बाई कधी गावाबाहेर मुक्कामाला राहिली नाही, तिच्यासाठी तो साधा नसतो. म्हणून त्याचं उत्तर आज नीट देऊ.

आधी एक गंमत सांगतो. जगात थंड मुलुखातली माणसं वर्षानुवर्षं पैसे साठवतात आणि आपल्यासारख्या उष्ण देशात पहिल्यांदा फिरायला येतात. कर्कवृत्त नावाची एक रेषा आपल्या उत्तरेला गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाते. तिच्या दक्षिणेचा सगळा मुलूख उष्ण कटिबंधात मोडतो, म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्र त्यात आला. मे महिन्यात एक दिवस आणि पुन्हा जुलैत एक दिवस, भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पाहुण्यांना हा मुलूख नवलाचा वाटतो. ते अजिंठा बघतात, वेरूळ बघतात, कोकणचा समुद्र बघतात. आणि हे सगळं ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातल्या आपल्या कितीतरी बायांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला जी माहिती लागते, तीच आपल्यालाही लागते: कधी जावं, कुठून सुरुवात करावी, काय सांभाळावं.

आमचं सांगणं असं, की एकदम लांबची उडी मारू नका. तीन पायऱ्या करा. पहिल्यांदा एका दिवसाची सहल, मग एका मुक्कामाची, आणि मग समुद्र.

पहिली पायरी, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. जिंतूरपासून तीन-चार किलोमीटरवर नेमगिरीचा डोंगर आहे. तिथं जैनांची जुनी गुंफामंदिरं आहेत. दारं बुटकी आहेत, वाकून आत शिरावं लागतं, आणि आत गेल्यावर मोठमोठ्या मूर्ती समोर येतात. लांबून लांबून यात्रेकरू येतात, पण जिंतुरात राहून न गेलेल्या बाया आम्हाला माहीत आहेत. तालुक्यातच चारठाण्याला जुनी हेमाडपंती देवळं आणि उंच दगडी स्तंभ आहे. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण जवळच आहे. थोडं पुढं, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक म्हणून आपण त्याला मानतो, आणि नामदेव महाराजांना विसोबा खेचर गुरू भेटले ते तिथंच, असं परंपरा सांगते. यातल्या कुठल्याही ठिकाणाहून दिवस मावळायच्या आत घरी येता येतं. ही सहल म्हणजे सराव समजा. किती जणी वेळेवर येतात, कुणाला गाडी लागते, पैसे कोण सांभाळतं, हिशोब कोण लिहितं, हे सगळं इथंच कळून जातं.

दुसरी पायरी, एका मुक्कामाची. यात आमची निवड आहे वेरूळ. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करायचा. तिथून वेरूळ तीस किलोमीटरच्या आसपास आहे. चौतीस लेणी आहेत, त्यात बौद्ध, हिंदू आणि जैन, तिन्ही धर्मांची. सगळी बघायचा हट्ट धरू नका, पाय दुखतील. सोळा नंबरचं कैलास लेणं मात्र सोडू नका. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या काळात ते डोंगर वरून खाली कोरत कोरत घडवलं. अख्खं देऊळ एकाच खडकातलं आहे, दगडावर दगड रचून उभारलेलं नाही. जवळच घृष्णेश्वर आहे, म्हणजे दर्शनही होतं, आणि वाटेत देवगिरीचा किल्ला दिसतो. अजिंठा उलट दिशेला शंभर किलोमीटरवर आहे, त्यासाठी वेगळा दिवस लागतो. एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हे माहीत नसल्यामुळे लोक दारावरून परत येतात.

लोणारही याच पायरीवर येतं. मंठ्यावरून रस्ता आहे. आकाशातून उल्का पडून तिथं जमिनीला जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, त्यात आज खारं पाणी आहे. 2020 साली ते पाणी काही दिवस गुलाबी झालं होतं, तेव्हा टीव्हीवर दाखवलं होतं, आठवत असेल. आपल्याच काळ्या दगडात पडलेला हा खड्डा बघायला जगभरातून शास्त्रज्ञ येतात. मुलांना घेऊन जायचं असेल तर आम्ही लोणारच सांगू.

तिसरी पायरी समुद्राची. इथं थोडं थांबून सांगतो.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. वीस-बावीस हंगाम त्यांनी कोयता चालवला. कोल्हापूर, सांगलीकडचे कितीतरी फड त्यांना पाठ आहेत. एकदा बैठकीत कुणीतरी विचारलं, "मावशी, तुम्ही एवढं कोल्हापूर पाहिलं, अंबाबाई कशी आहे?" मावशी म्हणाल्या, "आम्ही ऊस पाहिला माय, कोल्हापूर कुठं पाहिलं?" बैठकीत कुणी काही बोललं नाही. आपल्या भागातल्या कितीतरी बायांचं असंच आहे. अर्धा महाराष्ट्र त्यांनी ट्रकच्या फाळक्यावरून पाहिला, पण पाहुणी म्हणून एकही गाव पाहिलं नाही. फिरणं म्हणजे श्रीमंतांची चैन, असं कुणी म्हणालं तर आम्ही ही गोष्ट सांगतो. कष्टाला जायला बाईला घरातून कुणी अडवत नाही. मग चार दिवस बघायला जायचं म्हटलं की परवानगीचा प्रश्न का निघावा?

तर रस्ता असा: पहिला मुक्काम कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन. तिथून आंबा घाटानं खाली उतरलं की रत्नागिरी जिल्हा लागतो. गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. देवळामागची टेकडीच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला घालायची असते. रत्नागिरी शहरात लोकमान्य टिळकांचं जन्मघर आहे. थिबा राजवाडाही आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून काढलं आणि पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 मध्ये तो तिथंच वारला. राजवाड्याच्या आवारात उभं राहिलं की समजतं, मोठमोठ्या राजांनाही आपलं गाव परत दिसलं नाही.

कधी जायचं? पावसाळ्यात नको. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपल्याकडे नऊशेच्या आतबाहेर. घाटात दरडी कोसळतात, समुद्र खवळलेला असतो. एप्रिल-मेमध्येही नको. तिथला पारा आपल्यापेक्षा कमी असतो, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग गार होतं. आपल्याकडे कोरडी हवा असते म्हणून घाम लगेच उडतो, तिथं तो अंगावरच राहतो आणि जीव कासावीस होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. आपल्या शेतीच्या हिशोबानं तूर निघाल्यावर आणि ज्वारी-हरभरा काढणीला यायच्या आत जे थोडे दिवस मिळतात, ते धरा. संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की निघा.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. त्याचा अंदाज आपल्याला सहज काढता येतो, कारण तिथी आपल्या तोंडपाठ असतात. कोकणातली जुनी रीत अशी: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान, आणि त्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त चढतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा झाला अंदाज, तिथं गेल्यावर कोळ्यांना किंवा दुकानदाराला विचाराच. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ फार आहे. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहा, एकमेकींचे हात धरा, पुढं जाऊ नका. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि साडी भिजली की पाय अडकतात. समुद्राशी धाडस नको.

आता पैशाचं. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये महिलांना निम्मं तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, म्हणून आजींना मागं ठेवू नका, त्यांचं आधार कार्ड सोबत घ्या. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. गोव्याला गेलात तर हद्दीपुढचं तिकीट पूर्ण लागतं. जास्त जणी असाल तर एसटीची अख्खी गाडी प्रासंगिक कराराने मिळते, पण मग निम्म्या तिकिटाचा हिशोब राहतो की नाही, हे आगारात आधी विचारा आणि दोन्ही आकडे मांडून बघा. जिंतूरला रेल्वे नाही, त्यासाठी परभणी किंवा सेलू गाठावं लागतं.

गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी अंतर्गत कर्जही काढायचं नाही. हा नियम आम्ही सगळ्याच गटांना सांगतो. वेगळी वही घाला. बारा जणी दर महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकत गेल्या तर वर्षाला प्रत्येकीचे बाराशे आणि सगळ्यांचे मिळून चौदा हजार चारशे होतात. दोन वर्षांत अठ्ठावीस हजार आठशे. पहिल्या वर्षी जवळची सहल, दुसऱ्या वर्षी वेरूळ, असं करत समुद्रापर्यंत पोहोचता येतं. एखादीला शंभर जमत नसतील तर पन्नास टाकू द्या, पण तिला यादीतून काढू नका. आणि एकल बाई असो, विधवा असो, तिला आमंत्रणाची वाट बघायला लावू नका, पहिलं नाव तिचंच लिहा.

प्रवासात बाया एक चूक हमखास करतात. लघवीला जायची सोय नसेल म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यानं डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. त्यावर उपाय आहे. दर दोन-अडीच तासांनी मोठ्या बसस्थानकावर गाडी थांबेल असा रस्ता ठरवा, वाहकाला निघतानाच सांगा, आणि एकीनं न जाता दोघी-तिघींनी मिळून जा. पाणी मोकळेपणानं प्या, बाटलीत घरचं भरून घ्या. मीठ-साखरेची पुडी, पाळीचे पॅड, रोजच्या गोळ्या आणि एक जास्तीची साडी प्रत्येकीच्या पिशवीत हवी. पैसे एकीकडेच ठेवू नका, तिघींत वाटा. अडचण आली तर 112 हा नंबर, रुग्णवाहिकेसाठी 108. हे दोन नंबर चिठ्ठीवर लिहून ब्लाऊजच्या खिशात ठेवा, कारण मोबाईलची बॅटरी संपते.

घरी विचारतील, "स्वयंपाकाचं काय?" चार दिवसांची व्यवस्था निघण्याआधी बसून ठरवा. कोण दूध काढेल, कोण पोरांना शाळेत धाडेल, हे घरातल्या माणसांसमोर बोला. दशमी-धपाटे करून ठेवा, पण चार दिवसांचा सगळा स्वयंपाक करून ठेवायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर निघायच्या आधीच थकून जाल. भाकरी थापायला जमत नसेल त्यांना खिचडी तरी जमतेच.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. तारीख, ठिकाण, पैसे कोण सांभाळणार, हिशोब कोण लिहिणार, या चार गोष्टी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. आणि परत आल्यावर काय काय पाहिलं, ते दुसऱ्या गटाला जाऊन सांगा. मावशींचं नाव आमच्या यादीत पहिलं आहे. यंदा रथसप्तमीनंतर निघायचं ठरलं आहे, आणि पहिला मुक्काम कोल्हापूरलाच.