दाताच्या दवाखान्यातही कल्ले बघा!

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी घेताना आपण कल्ला उचलून बघतो. लाल नसेल तर कोळीणबाईशी सरळ हुज्जत घालतो. मग दाताच्या डॉक्टरांपुढेच आपलं तोंड बंद का?

तामिळनाडूतल्या वाणियमबाडीत २०२२-२३ मध्ये एका दंतदवाखान्यात गेलेल्या १० जणांना मेंदूचा जंतुसंसर्ग झाला, ८ दगावले. तपासात संशय गेला तो सलाइनच्या बाटलीवर. हिरडीसाठीच्या अवजाराने ती उघडायची, सैल बंद करून ठेवायची आणि उरलेलं पुढच्या पेशंटला! एवढीशी गोष्ट हो.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी नजर फिरवा. अवजारं बंद पाकिटातून, तुमच्यासमोर फोडून निघाली पाहिजेत. ‘उकळून घेतलीत’ एवढ्यावर गप्प बसू नका. काही जंतू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांना ऑटोक्लेव्हच लागतो. म्हणजे आपल्या कुकरचाच थोरला भाऊ, १२१ अंशांची वाफ, किमान १५ मिनिटं. अस्वच्छ अवजारांतून ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळही पसरू शकते.

हातमोजे दर पेशंटला नवे हवेत. त्याच हातांनी मोबाइल उचलला, तर बदलायला सांगा. डॉक्टर रागावतील? रागावू देत. स्वच्छ काम करणारा उलट हौसेने मशीन दाखवेल. राज्याच्या दंत परिषदेचा नोंदणी क्रमांकही विचारा.

आणि हो, इंजेक्शनची सुई नवीच हवी. वापरलेली सुई टोचणार नाही अशा जाड पांढऱ्या डब्यात जाते की साध्या बादलीत, तेही बघून या.